घरी चालणारी स्क्रिप्ट सर्व्हरवर का अडते?

पुण्यातील गिर्यारोहण संस्था, संगीत वर्ग, दिवाळी अंकांची संपादक मंडळे आणि गृहरचना संस्था यांची संकेतस्थळे बहुधा एखाद्या हौशी सभासदाने उभी केलेली असतात. हा सभासद आपल्या विंडोज संगणकावर झॅम्प (वेब सर्व्हर, पीएचपी आणि डेटाबेस एकत्र देणारा संच) टाकतो, राजगडच्या मोहिमेसाठी नावनोंदणीची स्क्रिप्ट लिहितो, ती तिथे बिनबोभाट चालते, आणि भाड्याने घेतलेल्या होस्टिंगवर चढवली की कोरे पान किंवा ‘५०० इंटर्नल सर्व्हर एरर’ एवढेच दिसते. ‘लोकलला चालतंय, सर्व्हरवर चालत नाही’ ही तक्रार बालेवाडीतल्या आयटी कंपन्यांतही ऐकू येते आणि कोथरूडच्या संस्थेच्या कार्यकारिणीतही. तिची कारणे बरीच असली तरी ती शोधण्याचा मार्ग ठरावीक आहे.

अपाचे किंवा एंजिनएक्स यांसारख्या वेब सर्व्हरचे मूळ काम साधे असते: ब्राउझरने मागितलेली फाइल शोधायची आणि जशीच्या तशी पाठवायची. छायाचित्र, एचटीएमएल पान किंवा पीडीएफ यांच्या बाबतीत तेवढे पुरते. स्क्रिप्ट मात्र चालवावी लागते, आणि ते काम सर्व्हर पीएचपी, पर्ल, पायथन अशा एखाद्या स्क्रिप्ट इंजिनाकडे सोपवतो. इंजिन फाइल वाचते, तीत सांगितलेले काम करते, तयार झालेला मजकूर सर्व्हरच्या हाती देते आणि सर्व्हर तो ब्राउझरकडे पाठवतो. ही देवघेव कशी व्हावी यासाठी सीजीआय हा संकेत १९९३ मध्ये पुढे आला; १९९५ मध्ये रासमुस लेरडॉर्फ यांनी पीएचपी सर्वांसाठी खुले केले, आणि छोट्या होस्टिंगवर आज जे इंजिन हमखास मिळते ते हेच.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते की फाइल सर्व्हरवर पोहोचणे आणि ती चालणे या दोन स्वतंत्र घटना आहेत. आवक खिडकीवर अर्जाची पोच मिळाली म्हणजे अर्ज मंजूर झाला असे कोणी मानत नाही. फाइली सर्व्हरवर चढवणाऱ्या एफटीपी प्रोग्रामने दाखवलेल्या ‘ट्रान्सफर सक्सेसफुल’ या संदेशाचा अर्थही तेवढाच असतो.

आधी कडी कुठे तुटली ते पाहावे

पडद्यावर दिसणारा ५०० क्रमांकाचा संदेश मुद्दाम मोघम ठेवलेला असतो, कारण सर्व्हरच्या आतले फोल्डर, डेटाबेसचे नाव किंवा इंजिनाची आवृत्ती परक्या माणसाला कळणे धोक्याचे असते. त्या संदेशावरून तर्क लढवत स्क्रिप्टमध्ये दहा ठिकाणी बदल करणारे लोक पुष्कळ भेटतात आणि त्यांचा वेळ सर्वांत जास्त वाया जातो. त्याऐवजी तीन लहान फाइली एकापाठोपाठ चढवून पाहाव्यात. पहिलीत फक्त एका ओळीचे साधे एचटीएमएल असावे; ती उघडली तर डोमेन, फोल्डर आणि अपलोड ठीक आहेत. दुसरीत पीएचपी-इन्फो हे एकच फंक्शन बोलवावे. ते पान उघडले तर इंजिन जागे आहे आणि सर्व्हरशी जोडलेले आहे. तिसरीत डेटाबेसशी जोडणी करून फक्त ‘जोडले’ असे छापावे. या तिन्ही उघडल्या आणि मूळ स्क्रिप्ट तरीही चालली नाही, तर दोष त्या स्क्रिप्टमध्येच किंवा तिच्या मागण्यांमध्ये आहे असे खात्रीने म्हणता येते.

त्यानंतर एरर लॉग, म्हणजे चुकांची नोंदवही, पाहावा. सीपॅनेल हे नियंत्रण पटल असलेल्या होस्टिंगवर तो ‘एरर्स’ या चौकटीखाली मिळतो. पीएचपीच्या चुका बहुतेक वेळा ज्या फोल्डरमध्ये स्क्रिप्ट आहे त्याच फोल्डरमध्ये ‘एरर लॉग’ नावाच्या फाइलमध्ये जमा होतात. कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीवर इंजिन थांबले हे तिथे लिहिलेले असते. लॉगमध्ये त्या वेळेची एकही नोंद नसेल तर तीही माहितीच आहे, कारण त्याचा अर्थ विनंती इंजिनापर्यंत पोहोचलीच नाही किंवा लॉग दुसरीकडे जात आहे.

अपलोड करताना

एफटीपीने लॉगिन होते, पण फाइलींची यादी येताना सगळे थिजते, हा अनुभव घरच्या ब्रॉडबँडवर नेहमीचा आहे. एफटीपी दोन वेगळ्या जोडण्या वापरते: आज्ञांसाठी २१ क्रमांकाच्या पोर्टवर एक आणि माहितीसाठी दुसरी. ‘ॲक्टिव्ह’ प्रकारात ही दुसरी जोडणी सर्व्हर आपल्या संगणकाकडे उघडायला येतो आणि घरचा राउटर त्याला दारातूनच परत पाठवतो. ‘पॅसिव्ह’ प्रकार निवडला की दोन्ही जोडण्या आपल्याकडूनच उघडल्या जातात आणि यादी दिसू लागते. होस्टिंगवर एसएफटीपी मिळत असेल तर तीच घ्यावी; ती २२ क्रमांकाच्या एकाच पोर्टवरून चालते आणि पासवर्ड उघड्यावर जात नाही.

वर्डप्रेससारख्या प्रणालीत हजारो लहान फाइली असतात आणि त्या एकेक करून चढवताना मध्येच एखादी गळते. अशा वेळी एकच झिप चढवून होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये ती उलगडणे बरे. फक्त उलगडल्यावर सगळा माल एका फोल्डरच्या आत आणखी एका फोल्डरमध्ये जाऊन बसला नाही ना, हे पाहून घ्यावे. चढवलेल्या फाइलीचा आकार शून्य दिसत असेल तर स्क्रिप्टला दोष देण्यापूर्वी जागेचा कोटा संपला आहे का ते तपासावे. संस्थेच्या जुन्या मेलपेट्या त्याच कोट्यात मोजल्या जातात हे बहुतेकांच्या लक्षात नसते.

फाइल योग्य फोल्डरमध्ये असणेही आवश्यक आहे. बाहेरच्या जगाला दिसणारे फोल्डर बहुधा ‘पब्लिक एचटीएमएल’ किंवा ‘एचटीडॉक्स’ असते. त्याच्या बाहेर ठेवलेली फाइल जागेवर असूनही ब्राउझरला ४०४, म्हणजे ‘सापडले नाही’, हा क्रमांक मिळतो. शिवाय विंडोज फाइलींच्या नावांतील कॅपिटल आणि लहान अक्षरे सारखीच मानते, तर लिनक्स त्यांना वेगळी मानते. स्क्रिप्टमध्ये ‘हेडर’ ही फाइल लहान एचने मागितली आहे आणि डिस्कवर ती कॅपिटल एचने आहे, अशी स्थिती घरच्या संगणकावर वर्षानुवर्षे खपते आणि सर्व्हरवर पहिल्याच दिवशी अडते. येथे ४०४ सुद्धा मिळत नाही, कारण मुख्य पान सापडलेले असते. आतली आवश्यक फाइल न मिळाल्याने इंजिन मध्येच थांबते आणि वाचकासमोर कोरे पान येते.

परवानग्या, आणि ७७७ चा मोह

लिनक्सवर प्रत्येक फाइलीला तीन अंकांची परवानगी असते: पहिला अंक मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा इतरांचा. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि चालवण्याचा १ यांची बेरीज म्हणजे तो अंक. फोल्डरच्या बाबतीत ‘चालवणे’ याचा अर्थ आत प्रवेश करणे असा होतो. त्यामुळे फोल्डरला ७५५ आणि साध्या फाइलीला ६४४ ही नेहमीची बैठक आहे.

पीएचपी आणि पर्ल यांच्यातला फरक इथे कामाचा आहे. सर्वसाधारण होस्टिंगवर पीएचपीची फाइल इंजिन वाचते. ती फाइल स्वतः चालत नाही, म्हणून तिला ६४४ पुरते. सीजीआय पद्धतीने चालणारी पर्लची स्क्रिप्ट मात्र लिनक्स एखाद्या प्रोग्रामप्रमाणे थेट चालवायला घेते, म्हणून तिला ७५५ लागते, आणि ती बहुतेक ठिकाणी ‘सीजीआय-बिन’ या फोल्डरमध्येच असावी लागते.

काही चालेना की ‘सगळ्याला ७७७ दे’ असा सल्ला कोणीतरी देतोच. तो मानू नये. ७७७ म्हणजे सर्व्हरवरील कोणाही वापरकर्त्याला आपल्या फाइलीत हवे ते लिहिण्याची मुभा. अपाचेची ‘सूएक्झेक’ सोय ज्या होस्टिंगवर असते तिथे तर हा उपाय उलटतो: मालकाशिवाय इतरांना लिहिता येण्याजोगी सीजीआय स्क्रिप्ट चालवण्यास ती नकार देते आणि पुन्हा ५०० दिसतो. स्क्रिप्टला छायाचित्रे साठवायला जागा हवी असेल तर त्या एका फोल्डरचा मालक नीट आहे का ते पाहावे.

न दिसणारी अक्षरे

विंडोजवर लिहिलेल्या मजकुरात ओळीच्या शेवटी दोन अदृश्य चिन्हे असतात, कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड. लिनक्सवर फक्त लाइन फीड असते. पर्ल स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत हॅश आणि उद्गारचिन्ह यांच्यापुढे इंजिनाचा पत्ता लिहिलेला असतो. ओळीच्या टोकाशी कॅरेज रिटर्न शिल्लक राहिले की लिनक्स तेही पत्त्याचाच भाग समजतो आणि तसल्या विचित्र नावाचे इंजिन शोधत बसतो. ते अर्थातच सापडत नाही. लॉगमध्ये ‘प्रीमॅच्युअर एंड ऑफ स्क्रिप्ट हेडर्स’ किंवा अपाचे २.४ असल्यास ‘एंड ऑफ स्क्रिप्ट आउटपुट बिफोर हेडर्स’ अशी ओळ उमटते. गंमत अशी की टर्मिनलवर पर्लचे नाव आधी लिहून तीच स्क्रिप्ट हाताने चालवली तर ती बहुधा चालते, कारण तेव्हा पहिल्या ओळीतल्या पत्त्यावर काहीच अवलंबून नसते. पीएचपीला ओळींच्या टोकांचा हा फरक जाचत नाही, म्हणून एकाच संगणकावरून चढवलेल्या दोन स्क्रिप्टपैकी एक चालते आणि दुसरी अडते.

जुन्या एफटीपी प्रोग्राममध्ये ‘आस्की’ आणि ‘बायनरी’ असे दोन प्रकार असतात ते यासाठीच. आस्की प्रकारात ओळींची टोके वाटेत बदलली जातात, जे स्क्रिप्टला मानवते. पण छायाचित्र किंवा झिप त्याच प्रकारे पाठवली तर तिच्यातले बाइट बदलून ती नासते. आताच्या काळात एडिटरमध्येच ओळींचे टोक ‘यूनिक्स’ किंवा ‘एलएफ’ निवडून फाइल जतन करावी आणि सर्व काही बायनरी पाठवावे.

दुसरा अदृश्य पाहुणा खास आपल्यासारख्यांच्या घरी येतो. स्क्रिप्टमध्ये देवनागरी मजकूर असला की फाइल यूटीएफ-८ या अक्षर-संकेतनात जतन करावी लागते, आणि विंडोजचे जुने नोटपॅड त्या वेळी फाइलीच्या अगदी आरंभी ‘बॉम’ नावाचे ३ बाइट घालत असे. (२०१९ च्या विंडोज १० पासून ते बॉमविना जतन करणे हा मूळ पर्याय झाला.) पीएचपी इंजिन आपल्या सुरुवातीच्या खुणेच्या आधी जे काही असेल ते जसेच्या तसे ब्राउझरकडे पाठवते. त्यामुळे हे ३ बाइट आधीच निघून जाऊ शकतात, आणि मग स्क्रिप्ट कुकी ठेवायला, सत्र सुरू करायला किंवा दुसऱ्या पानावर धाडायला गेली की ‘हेडर्स ऑलरेडी सेंट’ (पानाच्या आधी जाणाऱ्या सूचना आता पाठवता येत नाहीत) अशी तक्रार येते. तक्रारीत पहिल्या ओळीचा उल्लेख असतो आणि पहिल्या ओळीवर तर डोळ्यांना काहीच वावगे दिसत नाही. इंग्रजीतच लिहिणाऱ्याला ही अडचण वर्षभरात एकदाही येणार नाही. मराठी मोहिमपत्रक छापणाऱ्याला ती पहिल्या आठवड्यात येते. एडिटरमध्ये ‘यूटीएफ-८ विदाउट बॉम’ निवडून फाइल पुन्हा जतन केली की काम होते. फाइलीच्या शेवटी पीएचपीची बंद करणारी खूण आणि तिच्यानंतर राहिलेली रिकामी ओळही हाच त्रास देते, म्हणून निव्वळ पीएचपी असलेल्या फाइलीत ती खूण लिहूच नये.

इंजिनाची आवृत्ती आणि त्याची अवजारे

‘काल चालत होती, कोणी हात लावला नाही, आज बंद’ अशी तक्रार असेल तर होस्टिंग कंपनीने इंजिनाची आवृत्ती बदलली असण्याची शक्यता सर्वांत आधी तपासावी. डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी ७.० मधून डेटाबेसची जुनी ‘मायएसक्यूएल’ फंक्शने काढून टाकण्यात आली. नोव्हेंबर २०२० च्या ८.० मधून ‘ईच’ आणि ‘क्रिएट फंक्शन’ गेली. जुन्या पुस्तकावरून लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये यांपैकी काहीतरी असतेच. नियंत्रण पटलावरून जुनी आवृत्ती निवडता येते, पण ती सोय स्क्रिप्ट दुरुस्त होईपर्यंतच वापरावी, कारण जुन्या आवृत्त्यांना सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत.

आवृत्ती बरोबर असूनही इंजिनाची जोड-अवजारे कमी असू शकतात. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेते. साधे ‘सबस्ट्र’ फंक्शन बाइट मोजते, म्हणून ते मराठी नाव मध्येच कापते आणि शेवटी प्रश्नचिन्हाचा चौकोन उरतो. म्हणून आपण ‘एमबी-सबस्ट्र’ वापरतो. ते ‘एमबीस्ट्रिंग’ नावाच्या जोडणीत असते, आणि ती जोडणी सर्व्हरवर सुरू नसेल तर इंजिन नेमके मराठी मजकूर हाताळण्याच्या ओळीवर थांबते. (हे फंक्शनही व्यंजनापासून मात्रा तोडू शकते; त्यासाठी ‘इंटल’ जोडणीतले ‘ग्रॅफीम-सबस्ट्र’ घ्यावे.) पीएचपी-इन्फोच्या पानावर या जोडण्यांची नावे आहेत की नाहीत ते एका नजरेत दिसते. डेटाबेसमध्ये नाव नीट जाऊनही परत येताना प्रश्नचिन्हांची रांग येत असेल, तर तक्ता आणि जोडणी दोन्ही ‘यूटीएफ-८-एमबी-४’ वर आहेत का ते पाहावे. एकच बदलून भागत नाही, आणि प्रश्नचिन्हे म्हणून साठवली गेलेली नावे परत मिळत नाहीत.

अपाचेसाठीच्या सूचनांची फाइल, म्हणजे ‘डॉट एचटीॲक्सेस’, हेही एक वारंवार सापडणारे कारण आहे. नाव टिंबाने सुरू होत असल्याने अनेक एफटीपी प्रोग्राम ती दाखवतच नाहीत. जुन्या होस्टिंगवरून आणलेल्या या फाइलीत ‘पीएचपी व्हॅल्यू’ अशी ओळ असेल आणि नव्या ठिकाणी पीएचपी अपाचेच्या पोटात न चालता एफपीएम पद्धतीने स्वतंत्र चालत असेल, तर अपाचेला ती आज्ञा कळत नाही आणि त्या फोल्डरमधले साधे चित्रसुद्धा ५०० देऊ लागते. म्हणून एचटीएमएलची चाचणी फाइलही उघडत नसेल तर या फाइलीचे नाव तात्पुरते बदलून पाहावे. पीएचपीची तीच सूचना ‘डॉट यूजर डॉट आयएनआय’ या फाइलीत लिहिता येते. बदल लागू व्हायला ५ मिनिटे लागू शकतात, कारण इंजिन ती फाइल तेवढ्याच अंतराने पुन्हा वाचते.

मर्यादा

पीएचपीच्या मूळ मांडणीत एका अपलोडची मर्यादा २ एमबी, संपूर्ण फॉर्मची ८ एमबी आणि चालण्याचा वेळ ३० सेकंद असतो. मोबाइलवरून काढलेले ओळखपत्राचे छायाचित्र २ एमबी सहज ओलांडते. फॉर्मचा एकूण आकार ८ एमबीपलीकडे गेला तर इंजिन स्क्रिप्टकडे रिकामा फॉर्म सोपवते: नाव, दूरध्वनी, सगळे गायब. मग स्क्रिप्ट इमानेइतबारे ‘कृपया नाव भरा’ असे म्हणते, आणि ज्याने नाव भरलेले असते तो चिडतो. समोर एंजिनएक्स असेल तर त्याची स्वतःची १ एमबीची मूळ मर्यादा आड येते आणि ४१३ हा क्रमांक दिसतो. तिथे पीएचपीच्या मर्यादा कितीही वाढवल्या तरी उपयोग होत नाही.

घड्याळही तपासावे. वेळेचा पट्टा ठरवून दिला नसेल तर पीएचपी यूटीसी, म्हणजे भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ, धरते, आणि ‘सकाळी ९ वाजता नोंदणी सुरू’ असे लिहिलेली स्क्रिप्ट पुण्यात दुपारी अडीच वाजता दार उघडते. ‘एशिया/कोलकाता’ हा पट्टा स्क्रिप्टच्या सुरुवातीला लिहावा. क्रॉनने (ठरलेल्या वेळी आपोआप कामे चालवणाऱ्या सोयीने) ठरवलेली कामे मात्र सर्व्हरच्या घड्याळावर चालतात, त्यांना ही ओळ लागू होत नाही.

या सर्व तपासणीच्या काळात ब्राउझरमध्ये पानाऐवजी स्क्रिप्टचा मूळ मजकूरच दिसला किंवा फाइल डाउनलोड झाली, तर बाकी सारे सोडून ती फाइल आधी हलवावी. इंजिन जोडलेले नसल्याने सर्व्हरने ती साध्या कागदासारखी वाटून टाकलेली असते आणि तीत डेटाबेसचा पासवर्ड असेल तर तो बदलणे भाग आहे. काम संपल्यावर पीएचपी-इन्फोची फाइल, झिपच्या प्रती आणि डेटाबेसच्या निर्यात फाइली पब्लिक एचटीएमएलमधून काढून टाकाव्यात आणि पडद्यावर चुका दाखवण्याची सोय बंद करावी.

तरीही गाडे अडले आणि होस्टिंगच्या मदत विभागाला लिहावे लागले, तर ‘साइट चालत नाही’ एवढेच लिहिल्यास ब्राउझरची कॅश पुसण्याचा सल्ला येतो. पानाचा पूर्ण पत्ता, मिळालेला क्रमांक, तीन चाचणी फाइलींपैकी कोणत्या उघडल्या, लॉगमधली ओळ जशीच्या तशी, आणि घटनेची वेळ कळवावी. वेळेपुढे ती भारतीय आहे हे लिहावे, कारण त्यांच्या लॉगमध्ये यूटीसी असेल तर ते साडेपाच तास पुढच्या नोंदी शोधत राहतात आणि ‘आमच्याकडे कोणतीही चूक आढळली नाही’ असे उत्तर पाठवतात.